बिडाची चकती

मोटारीच्या जाहिराती ज्यांनी बारकाईने वाचल्या असतील त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. गाडी किती सेकंदांत शंभराचा वेग गाठते हे त्यांत ठळक अक्षरांत असते. तीच गाडी शंभरावरून शून्यावर यायला किती जागा घेते, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. मनुष्यस्वभावाला धरूनच आहे ते. वऱ्हाड निघताना वाजंत्री वाजते. वऱ्हाड सुखरूप घरी परतले म्हणून कोणी ताशेवाला बोलावीत नाही. थांबणे आपण सारेच गृहीत धरून चालतो.

मी एका महाविद्यालयात मराठी शिकविते. रिक्षा आणि एस.टी. यांच्यापलीकडे वाहनांशी माझा संबंध नाही. तरीसुद्धा २०२३ सालच्या उन्हाळी सुट्टीत ब्रेकच्या डिस्क या एकाच विषयावर मी इतके ऐकले, की त्यावर शंभर गुणांची प्रश्नपत्रिका काढायला सांगितली असती तर पर्यायी प्रश्नांसकट काढली असती. याला कारण आमचे भाचे. माझ्या थोरल्या बहिणीचा हा मुलगा जर्मनीत कलोन शहरी इंजिनिअर आहे. वय एकोणतीस, लग्नाचे नाव नाही आणि दाराशी एक जुनी, दोनच आसनांची, आसनांमागे इंजिन असलेली स्पोर्ट्स कार. सुट्टीच्या दिवशी हा ती गाडी घेऊन आयफेलच्या डोंगरातल्या न्युर्बुर्गरिंग नावाच्या शर्यतीच्या रस्त्यावर जातो.

या रस्त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९२७ साली तो खुला झाला. त्याची जुनी उत्तरेकडची वाट, नॉर्डश्लायफे, एका फेरीला २०.८ किलोमीटर भरते. सत्तरांहून अधिक वळणे, तळापासून माथ्यापर्यंत सुमारे ३०० मीटरांचा चढउतार, आणि दोन्ही बाजूंना घनदाट रान. जॅकी स्टुअर्ट या शर्यतपटूने १९६८ साली इथली शर्यत पावसात आणि धुक्यात जिंकली, आणि या वाटेला ‘हिरवा नरक’ हे नाव दिले. १९७६ साली निकी लाउडाची गाडी इथेच पेटली. तो वाचला, पण फॉर्म्युला वनची जर्मन शर्यत त्यानंतर या जुन्या वाटेवर झाली नाही. आणि गंमत अशी, की ठरावीक दिवशी हीच वाट पैसे भरून कोणालाही मिळते. त्या वेळी तिला टोल भरण्याचा एकमार्गी सार्वजनिक रस्ता समजतात, आणि वाहतुकीचे नेहमीचे नियम तिथे लागू होतात.

मी निघताना ताईने चकल्यांच्या डब्याबरोबर एक कामही बांधून दिले होते. “त्याला त्या रस्त्यावर जाऊ देऊ नकोस. माझं ऐकत नाही तो, तुझं ऐकेल.” ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली, तेव्हापासून घरातला सगळा ताप तिने आपल्या अंगावर घेतला आणि आमच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. तिने सांगितलेले काम नाही म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

मी पोहोचले त्याच्या दुसऱ्याच रात्री विषय निघाला. गॅलरीत वर्तमानपत्रावर दोन जड लोखंडी चकत्या ठेवल्या होत्या. समोरच्या चाकांच्या जुन्या डिस्क. दोन्हींना चाळणीसारखी भोके. भाच्याने विजेरी धरून दाखविले, तेव्हा एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत केसाएवढी बारीक चीर दिसली. तशा पुष्कळ होत्या. एक तर थेट काठापर्यंत गेलेली.

“मावशी, आईला सांगू नकोस,” तो म्हणाला. “गेल्या ऑक्टोबरात ब्राइटशाइडच्या उतारावर ब्रेकचं पेडल एकदम मऊ झालं. दाबलं तर खाली जातच राहिलं. तीन-चारदा पंप केलं तेव्हा गाडी आवरली.”

ब्राइटशाइड म्हणजे त्या वाटेचा सर्वांत खोल भाग. तिथवर येताना उतारच उतार, आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक. मी काही बोलले नाही. तो पुढे म्हणाला, “आता नव्या डिस्क घ्यायच्यात. कोणत्या घ्याव्या तेच ठरत नाही.”

ताईने दिलेले काम पार पाडण्याची ही वेळ होती. परंतु ज्याने अजून गाडी विकायची ठरविलेली नाही त्याला ‘जाऊ नकोस’ म्हणून बजावण्यापेक्षा, तो थांबायचे कसे म्हणतो ते आधी ऐकून घ्यावे, असे मला वाटले. मी म्हटले, “मला नीट समजावून सांग. समजलं तर आईशी मी बोलेन.”

मग त्याने कागद घेतला. गाडी आणि तो मिळून १४०० किलो. वेग ताशी १८० किलोमीटर. वळणासाठी तो ९० वर आणायचा. म्हणजे सुमारे १३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. मी जोड-वजाबाकीच्या पलीकडे गणितात रमणारी नाही हे त्याला ठाऊक. म्हणून त्याने भाषांतर केले. “चार लिटर पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी. गॅसवर त्याला वीसेक मिनिटं लागतील. इथे तीन सेकंदांत ती डिस्कमध्ये जाते.”

ब्रेक गाडी थांबवितो असे आपण म्हणतो. खरे पाहता ब्रेक वेगाची उष्णता करतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडचा चिमटा बसतो आणि ती तापते. समोरच्या दोन चकत्या या तापाचा सुमारे दोनतृतीयांश वाटा उचलतात. नऊ-दहा किलोची एक चकती एवढ्या एका दाबात जवळजवळ शंभर अंशांनी तापते. ती थोडी निवते न निवते तोच पुढचे वळण. घाटासारख्या त्या वाटेवर ती पाचशे-सहाशे अंशांवर सहज जाऊन पोहोचते. म्हणून चकतीला विचारण्याचे प्रश्न दोनच: तू किती ताप पोटात घेशील, आणि तो किती लवकर बाहेर टाकशील?

ही चकती काही कालपरवाची नव्हे. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण तिचा डंका वाजला तो १९५३ साली, फ्रान्समध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. जॅग्वारच्या गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांना ड्रम. ड्रममध्ये उष्णता कोंडते, चकती उघड्या वाऱ्यावर असते. जॅग्वारचे चालक वळणापाशी प्रतिस्पर्ध्यांहून उशिरा ब्रेक लावीत आणि चोवीस तासांनंतरही ते ब्रेक शाबूत होते. शर्यत जॅग्वारने जिंकली. वेगाच्या शर्यतीत थांबण्याची ताकद विजय मिळवून देते, हे जगाने तेव्हा पाहिले.

आता बाजारात काय मिळते? मूळ कारखान्याच्या डिस्क तर असतातच. शिवाय बाहेरच्या उत्पादकांच्या, ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात त्या, नाना तऱ्हेच्या. साड्यांच्या दुकानात बसल्यासारखे आम्ही दोन रात्री त्या पाहत होतो.

भोकांची डिस्क सर्वांत देखणी. ही भोके शर्यतीतून आली. पूर्वीच्या पॅडमधली राळ तापली की तिचा वायू होई आणि पॅड व चकती यांच्यामध्ये त्याची गादी बसे. तो वायू निघून जावा म्हणून भोके. आजच्या पॅडना हा दोष फारसा उरलेला नाही. पावसात पाण्याचा थर मोडायला आणि थोडे वजन कमी करायला भोकांचा उपयोग होतो; पण तेवढे लोखंडही कमी होते, आणि ताप-निव, ताप-निव चालली की चिरेला सुरुवात करायला भोकाचा काठ तयारच असतो.

दुसरी तिरप्या खाचांची. खाच पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवते. बदल्यात पॅड लवकर झिजतो आणि जोरात ब्रेक लावला की घरघर ऐकू येते.

तिसरी दोन तुकड्यांची. बाहेरचे कडे बिडाचे, मधली टोपी अॅल्युमिनियमची, आणि दोहोंना जोडणाऱ्या सैल चाव्या. कडे तापून फुगले तरी मोकळे फुगते, वाकत नाही. गुण मोठा, किंमतही मोठी. साध्या जोडीला अडीचशे युरो, तर हिला हजाराच्या वर.

चौथी कार्बन-सिरॅमिकची. २००१ साली पोर्शेच्या ९११ जीटी२ या गाडीवर ती मूळचीच बसविलेली होती. वजनाने निम्मी, गंजत नाही. पण बदलायची वेळ आली की एखादी लहान गाडी त्या पैशांत यावी. ज्यांच्या गाडीला ती असते त्यांतले कितीतरी लोक शर्यतीच्या वाटेवर जाताना ती उतरवून बिडाची लावतात! आहेराचे पातळ नेसून कोणी आंबे उतरवायला जात नाही, तसे.

आणि पाचवी साधी. ना भोक, ना खाच. दोन गुळगुळीत गाल आणि मध्ये वारा खेळायला पोकळी. तिच्याकडे आमच्या भाच्याने पहिल्या रात्री ढुंकूनही पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही न्युर्बुर्गजवळच्या एका गावात लहानशा गॅरेजमध्ये गेलो. मालक साठी उलटलेला, बोटांच्या रेषांत काळे तेल मुरलेला. त्याने चिरेवरून अंगठ्याचे नख फिरविले. भाचा मला मराठीत सांगत होता: पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक रेघा आल्या तर चालते, नख अडले, किंवा चीर भोकाला भोक जोडू लागली, काठाला गेली, की डिस्क भंगारात. मग म्हाताऱ्याने विचारले, पेडल मऊ झाले होते की कडक राहून गाडी थांबत नव्हती? भाचा म्हणाला, मऊ. म्हातारा हसला. मग त्यात डिस्कचा काय अपराध? ते ब्रेक ऑइल.

हे मला फार उद्बोधक वाटले. पॅड अति तापला तर पेडल दगडासारखे राहते आणि गाडी धावतच राहते. ऑइल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल पायाखाली बुडते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट-४ जातीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. तेच पाणी प्यालेले असेल तर हा आकडा १५५ वर येतो. भाच्याच्या गाडीतले ऑइल तीन वर्षांचे होते. अडीचशे की हजार, भोके की खाचा, याचा खल करीत तो बसला होता, आणि त्या ऑक्टोबरात दगा दिला होता तो वीस युरोंच्या बाटलीने.

म्हाताऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. एका दाबात गाडी किती अंतरात थांबेल हे अखेर टायर ठरवितो. ब्रेकने चाक अडविण्याइतकी ताकद तुमच्या जुन्या डिस्कमध्येही असते. चांगल्या डिस्कची परीक्षा दहाव्या दाबाला होते. दहावा दाब पहिल्यासारखा लागला पाहिजे. शिवाय मोठ्या व्यासाची डिस्क नुसती पुढे लावली, तर पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोल बिघडतो. आणि जर्मनीत मान्यतेचा क्रमांक नसलेली डिस्क लावली तर गाडी रस्त्यावर आणण्याचा परवानाच जातो.

तिथल्या फळीवर साध्या डिस्कची नवी जोडी होती. मी ती हातात घेतली, आणि मला आमच्या आण्णांची आठवण झाली.

आण्णा, म्हणजे आमचे वडील, कोल्हापूरला शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. काळ्या वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेले बीड ओतायचे, हा त्यांचा जन्माचा धंदा. पंपाची कवचे, ट्रॅक्टरचे भाग, ब्रेकचे ड्रम. ज्या बिडाचा आमचा आंबोळीचा तवा होता, त्याच जातीच्या बिडाची ही हजारो मैलांवरची चकती! भाचा म्हणाला, की डिस्कला अजून बीडच लागते. त्यात ग्राफाइटच्या बारीक पापड्या असतात. त्या उष्णता चटकन वाहून नेतात आणि थरथर गिळतात. पोलाद बळकट खरे, पण हे काम त्याला बिडासारखे साधत नाही.

चकतीच्या पोटातली पोकळी करायला साच्यात वाळूचा गाभा ठेवावा लागतो. कामगार त्याला कोअर म्हणतात. दोन गालांमधल्या त्या पोकळीत पात्या असतात. चाक फिरले की मधून वारा ओढला जातो आणि काठाने बाहेर फेकला जातो. ओतताना कोअर जरा सरकली, तर एक गाल जाड होतो आणि दुसरा पातळ. वरून यंत्रावर कातून गुळगुळीत केली की समोरून काही कळत नाही. मात्र तापल्यावर दोन्ही गाल सारखे तापत नाहीत. आण्णा तुकडा उभा धरून काठाकडून बघत. मग हातोडीचा हलका टोला देत. चिरलेले बीड मडक्यासारखे बद्द बोलते. मीही ती डिस्क उभी धरून काठाकडून पाहिली. दोन्ही गाल सारखे होते. म्हाताऱ्याने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले आणि भाच्याला काहीतरी विचारले. भाच्याने उत्तर दिले. त्यातला ‘कोल्हापूर’ एवढा एकच शब्द मला कळला.

तीच जोडी घेतली. साधी, मूळच्याच मापाची, वळणदार पात्यांची, मान्यतेचा क्रमांक असलेली. वाचलेल्या पैशांत तापाला टिकणारे पॅड, ताजे ऑइल, आणि पुढच्या बंपरमधून डिस्कच्या मधल्या भागापर्यंत वारा नेणारी दोन नळकांडी.

नवी डिस्क लावली की लगेच पळविता येत नाही, हे मला त्यानंतर कळले. रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी वेगात नेऊन आणि पूर्ण न थांबविता हळू करून, असे दहा वेळा केले. मग ब्रेकला पाय न लावता मैलोगणती नुसती चालविली. पॅडचा एक पातळ सारखा थर चकतीवर बसावा लागतो. नवा बिडाचा तवा तेल लावून तापवून तयार केला नाही तर आंबोळी चिकटते, त्यातलाच हा प्रकार. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली, तर तिथे पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरू लागते. लोक म्हणतात, डिस्क वाकडी झाली. कॅरोल स्मिथ या अमेरिकन शर्यत-अभियंत्याने लिहून ठेवले आहे, की अशा तक्रारींत बहुधा डिस्क वाकलेलीच नसते. तिच्यावर पॅडचा थर कमीजास्त बसलेला असतो.

पुढच्या आठवड्यात तो फेरी मारायला गेला तेव्हा मी बरोबर गेले. पण गाडीत बसले नाही. प्रवेशद्वारापाशी उभी राहिले. एका फेरीला दहा-अकरा मिनिटे लागतात. परीक्षेच्या दालनात तीन तास पर्यवेक्षण करण्याची मला सवय आहे. ही अकरा मिनिटे त्याहून मोठी होती. अखेर रांगेतून ती गाडी आली. त्याने ती हँडब्रेक न लावता गिअरमध्ये उभी केली, आणि उतरून आधी चाकांपाशी वाकला. चाकांतून गरम वाऱ्याचा झोत येत होता. “पेडल शेवटपर्यंत वरच राहिलं,” एवढेच तो बोलला.

त्या रात्री मी त्याला आईला फोन लावायला लावला. ऑक्टोबरातली हकीकतही सांगायला लावली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. ताई रडेल, रागावेल, मला बोल लावील, अशा सगळ्या तयारीने मी बसले होते. भाचा घाईघाईने डिस्क, पॅड, ऑइल, सगळे सांगत सुटला. त्याचे संपल्यावर ताई म्हणाली,

“काठाकडनं बघितलीस का? कोअर मधोमध हाय?”

लहानपणी आण्णांचा डबा घेऊन रोज दुपारी फाउंड्रीत जाणारी ताईच होती, हे मी विसरू शकत नाही. पण तिच्या मुलाला ते ठाऊकच नव्हते. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी म्हटले, “बघितली. दोन्ही गाल सारखे आहेत.”

“मग ठीक,” ताई म्हणाली. “जाऊ नको म्हटलं तरी तू जाणार. नवीन हाय तेव्हा जाडी किती, आणि किती झाली की काढायची, ते सांग.”

नवी २८ मिलिमीटर. २६ वर काढून टाकायची. तसा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. ताईने तो लिहून घेतला. तेव्हापासून त्या वाटेवर जाऊन आला, की मायक्रोमीटरने जाडी मोजून आईला कळवायची, असा दंडक आहे. कोल्हापूरच्या घरी दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर तारखांपुढे आकडे मांडलेले आहेत: २८.०, २७.८, २७.७. त्यांच्या खाली तांबड्या शाईने २६ लिहून त्याभोवती ताईने चौकट केली आहे.